पट्टेरी आता घरी नाही

प्रिय किम्मो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. कागद तुला कट करता येणार नाही. फाडशील फार तर, पण तू फाडणार नाहीस, जुनी पेट्रोलची बिलंसुद्धा तुझ्याच्याने फेकवत नाहीत. तेव्हा आधी कॉफी करून घे, तुझ्या भावाला म्हणावं एस्को, जरा लाकडं फोडून ये, आणि मग बस. मधली पानं गाळायची नाहीत. मला कळतं तू कुठे गाळतोस ते.

आधी खुशाली. आम्ही सगळे धडधाकट आहोत. सोह्वीचा पुढचा दात आला, तिरका आलाय, पण तिला शोभतो. नऊ वर्षांची घोडी झाली आहे आणि माझ्याशी वकिलासारखा वाद घालते. वेन्नी सहाचा झाला, ऑगस्टपासून पूर्वशाळेत जाईल. माझी पुस्तकांची बस अजून त्याच रस्त्यांवरून चालली आहे. लाउका गावच्या म्हाताऱ्या अजून प्रेमकथाच नेतात, आणि मला अजूनही विचारतात, ‘‘रीक्का, तुझा नवरा आला का गं उत्तरेतून?’’ मी सांगते, येईल. मग त्या एक पुस्तक जास्त घेतात, मला बरं वाटावं म्हणून. या वर्षी आपल्या ग्रंथालयाचे आकडे फार चांगले आलेत, त्यात तुझा हात आहे.

आता तुझ्या गाडीचं. तू ऑक्टोबरात सामान भरून उत्तरेत सल्लाला, एस्कोकडे निघालास, तेव्हा गॅरेजच्या दारात उभा राहून पोरांना म्हणालास, ‘‘गाडीला कुणी हात लावू नका. मी आलो की आपण तिघं मिळून पुरी करू.’’ मला त्या वेळी ते बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस परत यायचं बोलतोय. पण पोरांनी त्याचा काय अर्थ लावला तुला ठाऊक आहे का? गाडी आहे तोवर बाबा येणार. बस. इतकं सरळ. त्या अर्धवट जोडलेल्या, दारं नसलेल्या गाडीवर ताडपत्री घातली आणि दोघांनी तिची अशी काही राखण केली, की मला माझी सायकलसुद्धा तिथून काढायची चोरी. वेन्नी झोपायच्या आधी चपला घालून गॅरेजमध्ये जायचा आणि ताडपत्रीला शुभ रात्री म्हणून यायचा. नाताळात तुझं कार्ड आलं, त्यात चार ओळी, आणि चौथी ओळ ‘गाडी नीट ठेवा’. सोह्वीने ते कार्ड गॅरेजच्या खिडकीला लावलं. किम्मो, त्या कार्डात पोरांची नावंही नव्हती रे. मला राग आला होता, अजूनही आहे, पण तो बाजूला ठेवून पुढे लिहिते.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते, या पोरांना हे शर्यतींचं वेड कुणी लावलं. सोह्वी तीन महिन्यांची होती तेव्हा आपण तिला बाबागाडीत घालून जंगलातल्या रॅलीला, त्या टेकाडाशी नेलं होतं, कान झाकायची तिच्या मुंडक्यापेक्षा मोठी डबडी तिच्या डोक्यावर. माझी आई म्हणाली, पोरगी बहिरी होईल. पहिली गाडी टेकाडावरून उडाली, चारी चाकं हवेत, आमच्या अंगावर खडीचा मारा, आणि ही बया झोपेत हसली. तू सगळ्या गावाला सांगत सुटलास, ‘‘हसली! इंजिन ओळखलं तिने!’’ पोटात वायू झाला होता तिच्या, पण तुला कोण सांगणार. मग दर उन्हाळ्यात तेच टेकाड, तीच सतरंजी, निखाऱ्यावर सॉसेज, मोहरी नाकाला लागलेली, डासांना शिव्या. माझ्या बापाने मला खांद्यावर बसवून तिथेच नेलं होतं आणि मी माझ्या पोरांना नेलं. यात काही भारी कारण नाही. आम्हाला ते आवडतं, आणि आपल्याला आवडतं ते पोरांना दाखवावंसं वाटतंच.

आणि घरात तुम्हा लोकांनी काय उच्छाद मांडला होता! शर्यतीत यार्क्को तुझ्या शेजारी बसून वहीतून वळणं वाचायचा, डावं की उजवं आणि एक ते सहात किती तीव्र, तसं वेन्नी आमच्या स्वयंपाकघरात वाचायचा. मी सूपचं पातेलं घेऊन निघाले की हा खुर्चीवरून ओरडतो, ‘‘उजवं दोन, टेबलाचा कोपरा, आत कापू नकोस! पुढे डावं चार, मांजर!’’ आजीलासुद्धा सोडलं नाही. आजी म्हणाली, ‘‘मला आपलं सावकाश जाऊ दे बाबा.’’ तर म्हणतो, ‘‘सावकाश हा आकडाच नाही आजी, एक ते सहा सांग.’’ अजून वाचतो तो. फक्त मधल्या काळात, हिवाळाभर, वाचत नव्हता. घरात वळणंच नव्हती जणू.

मार्चमध्ये यार्क्को आला. हो, यार्क्को. आता पान उलटू नकोस. काठी टेकत, बर्फातून, बायकोला सोबत न घेता आला आणि थेट गॅरेजकडे गेला. सोह्वी ताडपत्रीसमोर हात पसरून उभी राहिली. म्हणाली, ‘‘बाबांनी सांगितलंय, कुणी हात लावायचा नाही.’’ यार्क्को म्हणाला, ‘‘बाबांच्या शेजारी कोण बसायचं गं?’’ ती म्हणाली, ‘‘तू.’’ ‘‘मग मी ‘कुणी’ नाही. सरक.’’ आणि ती सरकली. मी दारात उभी राहून बघत होते, मला रडू आलं म्हणून मी कॉफीच्या निमित्ताने आत पळाले. त्या दिवसापासून दर शनिवारी हा गृहस्थ आमच्याकडे. वाकता येत नाही, म्हणून उंच स्टुलावर बसून काठीने दाखवायचा आणि पोरं गाडीखाली. सोह्वीला आता पाना दिला की आकडा न बघता सांगते कुठला. वेल्डिंग पेंट्टीने करून दिलं. शेजारी असून त्याने इतक्या वर्षांत आपल्याला शिडी दिली नव्हती, पण पोरांनी सांगितल्यावर वेल्डिंगचं मशीन घेऊन हजर. गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून लोखंडी पिंजरा बसला, दारं बसली, इंजिन लागलं. सगळं ठरवून एका गोष्टीसाठी, उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणाला, युहान्नुसला, बाबा येतील तेव्हा त्यांना आयती तयार दिसली पाहिजे. तू फोनवर पोरांना सांगितलं होतंस ना, युहान्नुसला येतो म्हणून.

रंग पोरांनी लावला. स्वयंपाकघराचा उरलेला पिवळा रंग, त्यावर सोह्वीने काळे उभे पट्टे ओढले, चाकांना माशाच्या परांसारखा लाल. आपल्या तळ्यातला पट्टेरी मासा, हुबेहूब. पुढच्या दिव्यांच्या जागी डोळे, आणि वेन्नीने बाजूला दात काढले, एवढे मोठे त्या माशाला नसतात, पण त्याचं म्हणणं शर्यतीत लागतील. नाव पट्टेरी. अरे, इतकी देखणी गाडी झाली होती, की टपाल टाकणारी माणसं थांबून बघायची. यार्क्को कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘रीक्का, ही चूक झाली बरं का. वाळूच्या खड्ड्यात शर्यतीला पळवायच्या गाडीला कुणी नटवतं का?’’ मी म्हटलं, खड्ड्यात कोण उतरवतंय, किम्मोला दाखवायची आहे.

युहान्नुस आला. पोरांनी गॅरेज झाडलं, दाराला बर्चच्या फांद्या बांधल्या. शेकोटी पेटली, सॉना तापला, निवला, पुन्हा तापवला. तू आला नाहीस. एस्कोचा फोन आला, लाकडाच्या खेपा जास्त आहेत म्हणून. युहान्नुसला लाकडाच्या खेपा! किम्मो, खोटं बोलायचं तर जरा नीट बोलायला सांगत जा भावाला, त्या दिवशी अख्ख्या देशात अस्वलंसुद्धा काम करत नाहीत. वेन्नी त्या रात्री चपला न घालताच झोपायला गेला. सोह्वी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेली, ताडपत्री ओढून काढली, घडी घालून फळीवर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘‘आई, ही गाडी आहे का फ्रीज आहे? धावायचंच नसेल तर कशाला बनवली?’’ मग विचार केला, उत्तर आहे की माझ्याकडे. माझा शर्यतीचा परवाना अजून चालू आहे. तू विसरलास, पण आपली पहिली भेट झाली तेव्हा तू खड्ड्यात उलटा होतास आणि मी तुझ्या पुढे निघून गेले होते.

नियम तुला सांगायला नको, पण वेन्नीला मी तो कसा समजावला ते ऐक. म्हटलं, बाळा, आपल्या या शर्यतीत जो गाडी उतरवतो, त्याने ती विकायलाच ठेवली असं समजायचं. किंमत सगळ्या गाड्यांची एकच. शर्यत संपली, की त्या दिवशी धावलेला कुणीही पेटीत चिठ्ठी टाकून आपली गाडी मागू शकतो. नाही म्हणता येत नाही. म्हटलंच तर आईचा परवाना गेला. एकापेक्षा जास्त जणांनी मागितली तर चिठ्ठी काढायची. म्हणजे कुणी गाडीवर खजिना ओतत बसत नाही, आणि गरिबाचं पोरसुद्धा जिंकू शकतं. वेन्नीने विचारलं, ‘‘म्हणजे कुणी सोह्वीला मागितलं तर?’’ मी म्हटलं, सोह्वीला कुणी मागणार नाही. मग तो निर्धास्त झाला. सोह्वी झाली नाही. ती म्हणाली, ‘‘पण पट्टेरीला मागतील.’’ मी म्हटलं, मागू शकतात. जायचं की नाही ते तूच सांग. ती तळ्यावर गेली, धक्क्यावर पाय सोडून बसली, परत आली आणि म्हणाली, ‘‘जायचं.’’ मला तिचा फार अभिमान वाटला.

तर मागच्या रविवारी आम्ही गेलो. तोच वाळूचा खड्डा, तेच भोंगे, तीच धूळ, पातळ कॉफी. सॉसेज मात्र महाग झालंय. मी बायकांच्या गटात. माझ्या बाजूला एक निळी गाडी उभी होती, पुढचं झाकण नाही, एक दार दोरीने बांधलेलं, आणि त्यात रायया नावाची एक आडदांड बाई. आनेकोस्कीला टपाल वाटते, मनगट माझ्या दंडाएवढं. तिने पट्टेरीला चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली, ‘‘काय गं बाई, लग्नाला आणलीस का? इतकी नटवून आणलेली गाडी घरी परत जात नसते. आम्ही बघ, घरून निघताना दोन लाथा घालतो, म्हणजे कुणाला मोह नको.’’ सोह्वीचं तोंड उतरलं. रायया तिला म्हणाली, ‘‘पट्टे तू काढलेस? हात चांगला आहे. हाच घोळ आहे.’’

पहिल्या दोन फेऱ्यांत मी पुढे आले. हात विसरले नव्हते, किम्मो. अंतिम फेरीच्या आधी यार्क्को काठी टेकत आला आणि खिडकीत वाकायचा प्रयत्न करत म्हणाला, ‘‘हे बघ, खरं सांगतो. चौथी-पाचवी आलीस तर गाडीकडे कुणी फारसं बघणार नाही. पुढे आलीस तर चिठ्ठ्या पडतील. तुझं तू ठरव.’’ सोह्वी जाळीला धरून उभी होती, ती म्हणाली, ‘‘आई, सावकाश चालव ना. प्लीज.’’ आणि वेन्नी तिच्या बाजूला उड्या मारत, ‘‘सावकाश हा आकडाच नाही!’’ मी हेल्मेटचा पट्टा आवळत बसले आणि मला तू दिसलास. सल्लाच्या त्या खोलीत, ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. मला वाटलं, मी आता भीतीपोटी सावकाश चालवली, तर ही पोरगी आयुष्यभर हेच शिकेल, की आपली वस्तू हातची जाऊ नये म्हणून ती धड वापरायचीच नाही. आपल्या घरातला एक माणूस असं करतोय, तेवढं पुरे. झेंडा पडला आणि मी ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला.

काय पळाली रे ती! पहिल्या वळणाला राययाने मला बाजूने असा ठोसा दिला, की वेन्नीचे अर्धे दात गेले. दुसऱ्या वळणाला मी तो परत केला. धुळीत काही दिसत नव्हतं, मी नुसती मागचं चाक ऐकत होते, तू शिकवलंस तसं. वर बांधावर यार्क्को उभा होता, काठी हवेत, तोंड उघडं, सगळी वळणं मला ओरडून सांगत होता, आणि मला त्याचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नऊ महिन्यांनी तो पहिल्यांदा वळणं वाचत होता, किम्मो, त्याच्या बायकोने सांगितलं नंतर. शेवटच्या फेरीत रायया हातभर पुढे निघाली. मी दुसरी आले. गाडीतून उतरले तेव्हा मी हसत होते, आणि सोह्वी रडत रडत टाळ्या वाजवत होती.

मग ती पेटी. पेंट्टी पुरुषांच्या गटात धावला होता, त्याने न सांगता आपल्यासाठी चिठ्ठी टाकली, म्हणजे निदान त्याच्याकडून गाडी परत घरी आणता येईल. देव त्याचं भलं करो, आता शिडी नाही दिली तरी चालेल. एका दाढीवाल्याने टाकली. आणि रायया आली, सोह्वीसमोर थांबली आणि म्हणाली, ‘‘पोरी, तुझा मासा मी मागते बरं. राग धरू नकोस, मला आवडलाय.’’ सोह्वीने तिच्याकडे बघितलं, नाक पुसलं, आणि माझा हात ओढून कानात म्हणाली, ‘‘आई, तूपण धावलीस ना? मग आपणपण मागू शकतो. हिची माग.’’ मी म्हटलं, अगं ते भंगार आहे, तिला झाकणसुद्धा नाही. तर म्हणते, ‘‘ती जिंकली ना? माग.’’ मी चिठ्ठी टाकली. तुझी मुलगी आहे, दुसरं काय.

पट्टेरीची चिठ्ठी राययाची निघाली. पेंट्टीने टोपी जमिनीवर आपटली. आणि पुढच्याच मिनिटाला राययाची निळी आमच्या नावावर, कारण तिला दुसरं कुणी विचारलंच नव्हतं. रायया इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. ‘‘माझी म्हातारी नेलीस गं बाई! पंधरा वर्षांत कुणी चिठ्ठी टाकली नव्हती तिच्यावर!’’ मग उठून तिने सोह्वीला सांगितलं, की म्हातारी तिसऱ्या गियरला अडते, तिला शिवी दिली की जाते, आणि शिवी कुठली तेही सांगितलं. सोह्वीने पट्टेरीची किल्ली स्वतः तिच्या हातात दिली. वेन्नीने मुठीत धरलेली काळ्या रंगाची डबीपण दिली, गेलेले दात पुन्हा काढायला. राययाने ती खिशात ठेवली आणि त्याच्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा.

घरी येताना रस्ताभर यार्क्को बोलत होता. तुमच्या अपघाताच्या दिवशीचं तो पहिल्यांदा बोलला. त्या वळणाबद्दल, त्या दगडाबद्दल. तू इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहायचास आणि त्याच्या खोलीत एकदाही गेला नाहीस, हे त्याला माहीत आहे, नर्सनी सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘‘रीक्का, मी वळण उशिरा वाचलं, तो जोरात होता. दोघांनी मिळून धडकवली ना गाडी? मग त्या दगडात माझा अर्धा वाटा आहे. एकट्यानेच कसा घेऊन गेला तो उत्तरेत? त्याला सांग, माझी पाठ मोडली, जीभ शाबूत आहे. आणि जिभेचंच तर काम करतो मी.’’ जसं म्हणाला तसं लिहिलंय. तो तुझ्यावर रागावलेला नाही. रागावलेला आहे तो तू त्याला भेटत नाहीस म्हणून, आणि तो राग रास्त आहे.

त्याला सोडून आम्ही घरी पोचलो, गॅरेजचं दार उघडलं, आणि पट्टेरीची जागा रिकामी बघितल्यावर सोह्वीचा बांध फुटला. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. ‘‘आई, आता बाबा कशाला येतील?’’ मी म्हटलं, तुमच्यासाठी येतील. आणि वेन्नी, जो आपला बूट काढत बसला होता, मान वर करून म्हणाला, ‘‘मग आधी गाडीसाठी येणार होते का?’’ किम्मो, मी इतक्या वर्षांत बोलण्यात कुणापुढे हरले नाही, त्या पोरापुढे हरले. मी त्याला जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निळीला पाठीमागून ढकलत आत घेतली.

आणि मग बुधवारी एस्कोचा फोन आला. तुझा निरोप. की किम्मो शनिवारी ट्रेलर घेऊन येतोय, गाडी उचलून नेईल, भंगारात द्यायची म्हणतोय, पोरांना तेवढा वेळ आजीकडे पाठव, म्हणजे कुणाला त्रास नको. मी एस्कोला काही सांगितलं नाही, ‘बरं’ म्हटलं आणि हे लिहायला बसले. हे पत्र मी उद्याच्या बसने पाठवते आहे, तू निघायच्या आत तुझ्या हातात पडेल. तेव्हा नीट ऐक. तुझी गाडी इथे नाही. आनेकोस्कीला आहे, दात काढून हिंडते आहे, आणि पोरांनी ती स्वतःच्या हाताने दिली. गॅरेजमध्ये आहे ती त्यांची आहे, तिच्यावर तुझा हक्क नाही. इथून उचलून नेण्यासारखं आता काही उरलेलं नाही आणि पोरं मी आजीकडे पाठवणार नाही. शनिवारी यार्क्को असतो, स्टुलावर. सोह्वी गाडीखाली असेल, वेन्नी शिव्या पाठ करत असेल, मी पुल्ला, तो तुझा वेलचीचा गोड पाव, भाजेन. मला तू हवा आहेस, हे मी फोनवर कधी म्हटलं नाही, कारण तू उचलत नाहीस. आता लिहून दिलं. शनिवारी ये. ट्रेलर तिथेच ठेवून ये.

तुझीच,
रीक्का